बिल्ला

दुपारचे सव्वादोन.
कोंढव्याच्या उतारावर शाळेच्या रिक्षातून पडलेली
अल्फिया, इयत्ता दुसरी,
भुवईवर सुपारीएवढं टेंगूळ घेऊन
माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलीय.
दारावरची पिवळी पाटी बघून विचारते, हा पंखा आहे का?
हो म्हणाले.

तिच्या अब्बूंच्या हाताला अजून ग्रीस.
"मॅडम, सगळं काढा. डोकं, मान, पोट.
पैशाचं मी बघतो."
पैशाचं कोणीही बघतं हो.
पावतीवर न येणारं कोण बघणार?
वीस-तीस वर्षांनी येईल, बहुतेक येणारही नाही,
हजारांत एखाद्याच्या वाट्याला,
आणि आलंच तर कळणार नाही
की ते एका दुपारी
माझ्या बोटाखालच्या बटणातून निघालं होतं.

मागे सासवडचा एक पोरगा, ट्रॅक्टरवरून पडलेला.
तिकडे एकदा काढला, हडपसरला पुन्हा,
सीडी आमच्याकडे उघडेना म्हणून तिसऱ्यांदा मी.
एकच डोकं. तिन्ही वेळा तसंच, सुखरूप.
डोसचे आकडे मोठ्या माणसाचे राहून गेले होते,
नंतर पाहिलं.
नाव लक्षात आहे. सांगत नाही.

डॉक्टर लोहोकरे बाहुल्यांत बॅटरी मारतात.
उलटी? नाही. गुंगी? नाही.
"सहाचा पाढा येतो?"
सहा साते बेचाळीसपर्यंत घोडदौड,
मग सहा आठे छप्पन्न.
डॉक्टरांची भुवई वर जाते.
"घरीही तिथेच चुकते," आई घाईने म्हणते.

"थांबू या. चार तास, इथेच, नजरेसमोर."

थांबणं हाही इलाज असतो
हे बापाला पटवण्यापेक्षा मशीन चालवणं सोपं.
आणि दिवाळीत एकाच्या बाबतीत थांबलो नाही म्हणून तो वाचला,
तेही खरंच आहे.

चारच्या सुमारास ती माझ्या ॲप्रनकडे बोट दाखवते.
"तुम्ही पण मॉनिटर?"
तिच्या गणवेशावर पत्र्याचा, सेफ्टी पिनेने लावलेला.
माझा दर तीन महिन्यांनी मोजायला जातो;
मला किती लागलं, कोणीतरी वहीत लिहितं.
तिच्यासाठी तशी वही नाही.
"हो," म्हणाले, "या खोलीची."
"मग काय करता?"
काय सांगणार.
"आवाज करणाऱ्यांची नावं लिहिते."
ती लगेच गप्प.

सव्वासहाला निघाले.
अब्बू दारातून वळले, "नक्की ना?"
नक्की असं मी कधीच म्हणत नाही.
जिन्यात तिचा पाढा ऐकू आला, मी कान देऊन उभी.
सहा साते बेचाळीस.
सहा आठे
छप्पन्न.
बरोबर तिथेच.