छतकाम

मी छतं शिवतो.
घरांची नाही, गाड्यांची. कापडी.
त्रिएस्तेच्या वर, ओपिचीनात, चढ संपतो तिथे माझं दुकान:
जाड सुया, मेण लावलेला दोरा,
आणि दाराला धडका देणारा वारा.
त्याला इथे बोरा म्हणतात.
पूर्वी तो सुटला की चौकात दोर बांधायचे,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
असल्या गावात उघड्या छताची गाडी कोण घेईल?
घेतात. तरी घेतात.
माझं पोट त्यावरच आहे.

सप्टेंबरात नेव्या कोशुता आली.
एकोणसाठची फियाट पाचशे,
भिजत घातलेल्या वाटाण्याच्या रंगाची.
छत अकरा वर्षं बंद.
"उघडत नाही," म्हणाली.
मग जरा थांबून, "मी उघडलंच नाही."

कड्या गंजलेल्या, कापड चौकटीला चिकटलेलं.
तेल घातलं, थांबलो, पुन्हा तेल.
घाई केली तर जुनं कापड शिवणीवर उसवत नाही,
मनाला येईल तिथे फाटतं.
तिसऱ्या दिवशी ते कुरकुरत मागे सरलं
आणि घड्यांमधून खाली पडल्या
पाईनच्या सुया,
कुठल्याशा कॉफीच्या दुकानातली साखरेची पुडी,
आणि मधासारखा एक खडा. राळ.

राळ मला नवी नाही,
पण ही माझ्या धंद्यातली नव्हती.
"लिविओची," ती म्हणाली. "गजाला लावायचा."

लिविओ डबल बास वाजवायचा.
माणसाहून उंच वाद्य,
आणि गाडी घेतली ती पायात घालावी एवढी.
भाऊ हसले. गाडी विकणारासुद्धा हसला.
ह्यानं पुढची सीट उपटली, छत गुंडाळलं,
वाद्य उभं केलं, मान बाहेर.
लग्नं, बारशी, मोनफाल्कोनेच्या गोदी कामगारांचे नाच,
सगळीकडे असाच.
किनाऱ्याच्या रस्त्यावर पोरं मागे धावायची,
"ओ, जिराफ उडून जाईल तुमचा!"
नेव्या मागच्या फळीवर, गुडघे हनुवटीला,
दोन्ही हातांनी लाकडाची कंबर धरून.
"नवरा गाडी चालवायचा," ती म्हणाली,
"आणि मी त्याची दुसरी बायको सांभाळायचे."

आणि पाऊस आला की?
"पाऊस आला की त्याची टोपी तिच्या डोक्यावर.
तो भिजायचा. मी भिजायचे.
लाकूड नाही."

नवं छत मी काळ्या कॅनव्हासचं शिवलं, दुहेरी टाक्याचं.
बसवायला गेलो तर म्हणाली,
आज नको. आधी एकदा उघडीच नेते.
वाद्य विकलं होतं तिनं,
गोरित्सियातल्या एका मुलीला, हप्त्यानं.
"पहिला हप्ता आलाय. दुसऱ्याचं बघू."

आम्ही दोघांनी ते उचललं.
ती ऐंशीची, मी पाठदुखीचा.
बोरा त्या दिवशी आला नाही, भुरभुर मात्र आली.
तिनं डिकीतून टोपी काढली, तपकिरी, कडेला विटलेली.
वाद्याच्या डोक्यावर घातली
आणि स्वतःच्या गळ्यातला रुमाल सोडून
त्याच्या हनुवटीखाली गाठ मारली.
म्हणजे, हनुवटी असती तर तिथे.

तिशीच्या वेगानं निघाली.
डोंगरावर सुमाकची झुडपं लाल झाली होती.
मागून ट्रकवाल्यानं हॉर्न मारला;
तिनं छतातून हात वर काढून काय दाखवलं
ते मी इथे लिहीत नाही.
वळणापर्यंत दिसत राहिली
ती टोपी, किंचित डुलणारी,
कुणी उंच माणूस झोपेत मान हलवतो तशी.

संध्याकाळी परतली.
गाडीत तळाशी दोन बोटं पाणी,
केस चिकटलेले, टोपी तिच्या डोक्यावर.
"लाव आता," म्हणाली.
पाणी उपसत मी विचारलं,
पुढची सीटही बसवू का? जागा मोकळी झालीय.

"सीट चुलीशेजारी आहे, चाळीस वर्षं.
मांजर झोपतं तिच्यावर.
त्याला विचारून सांगते."

नोव्हेंबर लागला. अजून कळवलेलं नाही.
छताचे पैसे मात्र चोख दिले.