मिठाला जागणारी जमीन

फेब्रुवारीत चिंबायच्या शेतांवर जे पांढरं दिसतं
ते बर्फ समजून फसू नका.
बर्फ दुपारी वितळतं.
हे दुपारी चमकतं.

नुकुसच्या प्रयोगशाळेतून मी निघते
डमास गाडीत, मांडीवर मीटर,
मागे मातीसाठी रिकाम्या पिशव्या, एकशेवीस,
आणि पुढे पाराखत, जो प्रत्येक कालव्याला
तो खणताना कुणाची कुदळ मोडली यावरून ओळखतो.

सारसेनबाय बांधावरच उभा.
त्याच्याकडे मीटर नाही, जीभ आहे.
चिमूटभर माती तोंडात टाकतो, डोळे मिटतो
आमटीचं मीठ बघणाऱ्या बाईसारखा,
आणि आकडा सांगतो.
सोळा वर्षं बघतेय,
अर्ध्याचाही फरक पडला नाही कधी.

यंदा म्हणाला, "चार. गोडी आलीय मातीला.
खरबूज लावतो."

मीटर म्हणाला, अकरा.

मी मीटर पुसला, पाणी बदललं, पुन्हा बुडवला.
अकरा.
त्याची मुलगी तझागुल मला बाजूला घेऊन म्हणाली,
महिना झाला, घरात कुणाला रस्सा गिळवत नाही,
एवढं मीठ ओततो तो भांड्यात.
आणि वर विचारतो, अळणी का केलंस?

त्याचा बाप मुयनाकला मासे खारवायचा.
समुद्र निघून गेला, सामान मागे टाकून.
वाऱ्याने ते सामान उचललं
आणि आमच्या दारात आणून टाकलं, पोत्याशिवाय.
खाल्ल्या मिठाला जागावं, असं माणसांना सांगतात.
इथे जमीन जागते.
हिवाळ्यात तिला तीनदा धुवा,
ऊन तापलं की खालून पुन्हा वर आणते,
इमानाने, कणकण.

धुवायला पाणी लागतं.
पाणी मिराबच्या वहीत असतं.
वहीत यंदा या शेताला दोन रात्री.
नदीला वरच्या अंगाला किती तोंडं फुटलीत
ते मी मोजत नाही; तिकडेही कुणाची चूल आहे,
कुणाचा कापूस आहे, कुणाची वही.
पण जे पाजायचं, तेच आधी आंघोळीला जातं.
तझागुल विचारते, आंघोळ कमी केली तर?
उत्तर तिला माझ्याहून चांगलं माहीत आहे.

ज्वारी पेरा, मी लिहून दिलं. शिक्का मारला.
ज्वारी समजूतदार. निम्मी का होईना, येते.
सारसेनबायने कागदाची घडी टोपीत खोचली.
"ज्वारी घरच्यांना. खरबूज पाहुण्यांना."
कोण पाहुणे येणार आहेत तुमच्याकडे?
"तू येतेस की, दर वर्षी."

पहिल्या रात्री पाणी आलं सव्वादोनला.
मी थांबले होते, का ते विचारू नका.
कंदील, तीन फावडी, एक कुत्रं,
आणि गुडघाभर गारठ्यात तो,
जिथून पाणी आत शिरतं बरोबर तिथे,
जिथलं मीठ सगळ्यांत आधी धुतलं जातं.
तेवढ्या चादरीएवढ्या तुकड्याभोवती
टाचेने रेघ ओढत होता.
मी पाहिलं नाही असं त्याला वाटलं.

ऑगस्टमध्ये पाराखतने टेबलावर पिशवी ठेवली,
आमचीच, नमुन्याची, क्रमांक सत्त्याऐंशी.
आत खरबूज. वजन तीनशे चाळीस ग्रॅम.
(पूर्वी म्हणे गाढवावर चारच मावत.)
मिठात वाढलेलं फळ लहान राहतं
आणि हट्टाने गोड होतं,
हे पुस्तकात मी वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं.
आम्ही पाच जणी. प्रत्येकीला नखाएवढी फोड.
कुणी बोललं नाही. बीबीगुलने सुरी चाटली.

त्याने खाल्लं का? मी विचारलं.
"खाल्लं," पाराखत म्हणाला. "पाण्यासारखं लागलं म्हणे.
आणि तुला निरोप आहे,
आकडा किती आला ते कळव."