नाव

तांबट आळीत आमचं दुकान. भांड्यांवर नावं घालतो.
अक्षराला पाच रुपये, काना-मात्रा फुकट.

परवा आडगावचा एक निवृत्त खलाशी आला,
घंगाळावर नातीचं नाव हवं होतं.
ठोके पडत होते तोवर बोलत बसला:
लढाईत पलीकडच्या एका देशानं
मालजहाजांच्या कडेनं धावणाऱ्या राखणदार बोटी बांधल्या
आणि एकेकीला मेलेल्या खलाशाचं नाव दिलं.
आचाऱ्याचं. कोळसेवाल्याचं. एकोणीस वर्षांच्या पोराचं.
आई यायची म्हणे गोदीत,
बोटीच्या नाकाडावर बाटली फोडायला.

माझी छिन्नी घसरली.
नातीच्या वेलांटीला शेपूट फुटलं.

आमचा मोरेश्वरकाका, मी न पाहिलेला,
बेचाळीस साली अशाच एका बोटीवर बॉयलरपाशी होता.
तारेत त्याचा नंबर बरोबर होता, नाव चुकलेलं.
रामकुंडात सोडायला काहीच आलं नाही.
आजोबांनी मग पितळेचं पातेलं घडवलं,
पन्नास पानांच्या भाताचं,
काठावर कोरलं:
कै. मोरेश्वर नारायण वडके यांच्या स्मरणार्थ.

लग्न कुणाचंही असो, ते जातं.
पंचवटीला, मखमलाबादला, एकदा पार सिन्नरला.
एका पुरात तर गोदेनंच उचललं,
तपोवनापर्यंत तरंगत गेलं,
बाभळीला अडकलं.
तिथल्या गुराख्यानं काठ वाचला
आणि डोक्यावर घेऊन आळीत आला.

बुडाला काजळी, कानाला पोचा,
पण येतं परत.
नाव आहे ना त्यावर.

खलाशानं विचारलं, किती झाले?
मी अक्षरं मोजली.
शेपटाचं काही बोललो नाही,
तोही बोलला नाही.