खळ

खळ मी घरीच शिजवतो.
ऑफिसचा डिंक मिळतो, पण तो जुलैत ओघळतो
आणि साहेबांची सही भिंतीवरून गटारात जाते.
म्हणून गव्हाचं पीठ, पाणी, मंद आच
आणि उतरवताना चिमूटभर मोरचूद.
उंदरांनी हुकूम कुरतडू नये म्हणून.

सव्वीस वर्षं चिकटवतोय.
घरफाळा, पाणीकपात, पूररेषा,
तमाम नागरिकांस कळविण्यात येते की.
तमाम नागरिक दात घासत येतात,
वरची ओळ वाचतात, खालची तारीख वाचतात,
मधलं त्यांना पाठ असतं.

शुक्रवार पेठेत हौसाक्का
कागद ओला असतानाच सोडवून नेते
फडताळात अंथरायला.
"सरकारी कागूद जाड असतोय बाबा,
दोन दिवाळ्या निघत्यात."
तालमीतली पोरं त्यावर मैदानाचं पोस्टर डकवतात,
सही तेवढी उघडी ठेवतात,
म्हणजे कुस्त्या आयुक्तांनीच लावल्यागत दिसतं.
आणि दस्तगीर मास्तर, रिटायर होऊन अकरा वर्षं झाली,
लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून
कोपऱ्यात मार्क देतात.
चारच्या वर कुठलाच आदेश गेला नव्हता.

मग गंगावेशीचा आला.
रस्त्यावर म्हशी बांधणे, धार काढणे,
उभ्या गिऱ्हाइकास दूध देणे यास
सक्त मलाई आहे.
छापखान्याची चूक.
मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं
आणि दहापैकी दहा दिले.

संध्याकाळी कट्ट्यावर गेलो, दुरुस्त प्रत घेऊन.
सिद्धाप्पा गवळी धारेला बसलेला,
चरवीत सरीवर सर.
"ऑर्डर व्हय? लाव की. पयला ग्लास घे."
लावली. ग्लास घेतला.
मागं वळून बघतो तर
चांदणीनं मान लांबवलेली.
जिभेच्या तीन फटक्यांत
कलम, उपकलम, गोल शिक्का.

इंगवले साहेब आले पावतीबुक घेऊन.
"नोटीस कुठाय?"
कुणी बोललं नाही.
सगळी माणसं म्हशीकडे बघत होती
आणि म्हैस रवंथ करत होती.
साहेब बराच वेळ उभे राहिले.
मग दंडाच्या पावतीवर नाव काय टाकू म्हणाले.
"चांदणी सिद्धाप्पा गवळी," कुणीतरी मागून बोललं.
त्यांनी लिहिलं. खरंच लिहिलं.
कार्बन सरळ केला, पेन खिशाला लावलं
आणि मिशीला फेस लागेल असा ग्लास मागितला.

वरून पत्र : अंमलबजावणीचा अहवाल सादर करा.
मी लिहिलं,
आदेश समक्ष बजावला.
संबंधितांनी तो जागेवर संपूर्ण ग्रहण केला.
शेरा आला, समाधानकारक.

हसता हसता एक सांगायचं राहतं.
ज्या साली पाणी तालमीच्या वरच्या पायरीला लागलं
त्या रात्री कुठलाच हुकूम निघाला नव्हता.
ऑफिसला कुलूप, फोन मुके,
माझ्या पिशवीत मागच्या महिन्याच्या नोटिसा भिजून लगदा झालेला.
सिद्धाप्पाच्या बापानं अंधारात दावी कापली,
म्हशी पोहत निघाल्या,
आणि मी, महापालिकेचा कायम कर्मचारी,
चांदणीच्या आईचं शेपूट धरून
उंचावरच्या रस्त्याला लागलो.
तिनं मला ओळखपत्र विचारलं नाही.

काल नवी प्रत आली.
शुद्धलेखन बरोबर, शिक्का ठळक,
मास्तर साडेतीन देतील.
मी दोन पातेली ठेवलीत चुलीवर.
एक सगळ्या शहराचं.
दुसऱ्यापाशी बायको उभी, मोरचुदाची पुडी हातात.
"ह्यात घालू?"
नको म्हणालो.
गंगावेशीचं आहे ते,
त्यात गुळाचा खडा टाक.