दहापैकी

रंकाळ्याच्या कठड्यावर संध्याकाळी आम्ही पाचजण बसतो,
सगळे निवृत्त, सगळ्यांच्या गुडघ्यांना स्वतःचं मत.
सध्याचा विषय: कुठली बोट बरी?
कारण मी दोन केल्यात, एक भूमध्य, एक नॉर्वे,
आणि माझ्याकडं वही आहे.

वही फौंड्रीतली, खिशात मावणारी.
शिरोलीला कास्टिंग तपासायचो तेव्हाची.
रकाने आयतेच होते: माल, नग, दोष, शेरा.

पहिल्या बोटीला चादरीत नऊ.
चहाला चार. पिशवी कोमट पाण्यात बुडवून काढतात,
आजाऱ्याला आंघोळ घातल्यासारखी.
दुसऱ्या बोटीवर तिसऱ्या दिवसापासून
न सांगता आलं यायचं चहात. साडेआठ.
अर्धा गुण कापला, आलं किसलेलं होतं, ठेचलेलं नव्हतं.

पहिलीवर पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवायचे.
वत्सलाला तो मोडवेना. सात रात्री
ती पदरालाच हात पुसत राहिली.
दुसरीवर टॉवेल म्हणजे नुसता टॉवेल, पण गरम.

दोन्हीकडचे लोखंडी कठडे मी बोटाच्या पेरानं वाजवून बघितले.
पहिलीचा आवाज भरीव.
दुसरीच्या पोटात कुठंतरी हवा राहिली होती.
कप्तानाला सांगायला निघालो होतो,
वत्सलानं हात धरला.

चौगले विचारतो, आणि मटण?
म्हटलं, पांढरा रस्सा समजावून सांगितला
तर अळंब्यांचं सूप आणलं, अदबीनं.
अदबीला दहा.
सूपचं जाऊ दे.

घरी हौसाक्का. एकोणीस वर्षं आमच्याकडं.
हात ओले म्हणून तिनं मोबाइल घेतला नाही,
मी धरला, तिनं मान पुढं केली.
काचेचा जिना. बर्फाचा हंस.
तीनशे माणसांची पंगत, प्रत्येकापुढं सहा चमचे.
तिथं ती थांबली.
"तितं भांडी कोण घासतंय ओ?"

मी वही उघडली.
घंटी वाजवल्यापासून दार वाजेपर्यंत: एक मिनिट चाळीस सेकंद.
उशांचे प्रकार: पाच.
गुड मॉर्निंग: दिवसाला मोजून बावीस.
भांडी
नाहीत.

एकदा पहाटे वाट चुकलो होतो.
'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' लिहिलेलं दार अर्धवट उघडं.
आतून वाफ आली, ताटांचा खणखणाट आला,
साच्यातून माल मोकळा करताना आमच्या शेडमध्ये व्हायचा तसा,
आणि कुणीतरी भलत्याच भाषेत पोटभर हसलं.
मग आतूनच पायानं दार लोटलं गेलं.
हे लिहिलं नव्हतं मी. लिहिणार कुठल्या रकान्यात?

मी अर्धा चमचा साखर घेतो
हे त्या बोटीवरच्या पोराला तीन दिवसांत कळलं.
हौसाक्काला किती लागते?
आमचा ओतून झाल्यावर
पातेल्यात उरेल तेवढा ती घेते, कान तुटलेल्या कपात,
मोरीच्या उंबऱ्याशी उभ्यानं.

दुसऱ्या दिवशी विचारलं.
तिनं आधी वत्सलाकडं बघितलं, मग माझ्याकडं,
मग पदराला हात पुसले.
"काय झालंय काय आज तुमास्नी?"
काही नाही. नुसतं, साखर किती.
"आमी गुळाचा पितो," ती म्हणाली. "घरात."
आणि कढई उचलून घासायला लागली,
जरा जोरातच.

डबे शोधले. साखर होती, बिनसाखरेच्या गोळ्या होत्या,
बोटीवरून आणलेली कागदी पुड्यांतली तपकिरी साखर होती.
गुळाच्या पेठेपासून दीड मैलावर राहतो आम्ही.

संध्याकाळी चौगले पुन्हा: मग, कुठली बोट ठरली?
पोराला पैसे भरायचेत त्याच्या.
वही घरी राहिली, मी म्हटलं.
ती खिशातच होती, छातीला टोचत.
उगाच पेरानं कठडा वाजवला.
दगड.
आत काय आहे काही कळत नाही.