शिळं पाणी

नळ आठव्या दिवशी यायचा, तोही रात्री अडीचला.
उदगिरात, किल्ल्याच्या अंगाला आमची गल्ली.
नळातून आधी नुसता वारा यायचा, खोकल्यासारखा,
त्या खोकल्यानं घराघरांतले दिवे लागायचे.
मग एकच घाई:
पिंप, रांजण, कळश्या,
लेकराच्या आंघोळीचं टमरेलसुद्धा
गटारीत उपडं करायचं.
शिळं ओतायचं, ताजं भरायचं.
सासू हेच करायची,
तिच्या सासूनंही हेच केलं असणार.
आठ दिवस तांब्या तांब्या मोजणारे आम्ही
त्या एका रात्री राजे व्हायचो.

हुरमतबी बांगड्या भरायची, पाच घरं सोडून.
एकदा हिरव्या काचा चढवता चढवता म्हणाली,
"पाणी काय कालचं कालवण हाय, शिळं व्हायला?
धरणात वरीसभर पडून ऱ्हातंय, ते ताजं,
अन् तुझ्या रांजणात आठ दिस, ते शिळं?
हात ढिला सोड गं.
आवळून धरलास की काच फुटती."

मी हसले.
घरी येऊन सांगितलं, घरचेही हसले.
अयोध्याबाई म्हणाली, तिला काय जातंय बोलायला,
घरात माणसं दोन.

पुढच्या नळाला रांजण तिरका केला
आणि हात अडला.
आत वीतभर पाणी होतं,
त्यात आमचा चाळीसचा बल्ब डुलत होता.
रांजण सरळ केला. त्यावरच नवं भरलं.
चोरी केल्यासारखं, कुणाला न सांगता.
सकाळी पहिला पेला मीच प्यायले
आणि दुपारपर्यंत पोटाकडं कान लावून बसले.
पोट गप्पच.

मग भाजी धुतलेलं एका बादलीत,
तांदळाचं धुवण त्याच बादलीत,
आणि बादली हुरमतबीच्या दारापुढच्या
बोटभर लिंबाला.
आधी मी, मग गुंडेरावांची सून,
मग एका सकाळी, इकडंतिकडं बघत, अयोध्याबाई.
सभा कुणी घेतली नाही.
नगरपालिकेचा फलक होता, पाणी वाचवा म्हणणारा;
त्यावर कोणीतरी गोवऱ्या थापायचं.

लिंब शेळीनं खाल्ला.
दुसराही खाल्ला.
तिसऱ्याला हुरमतबीनं मोडक्या बाजेचं कुंपण केलं.
तो वाकडा वाढला, गटारीकडं झुकून,
जणू तिथं वाहून गेलेलं सगळं
त्याला अजून ऐकू येत होतं.
तो कंबरेएवढा होईतो ती गेली.
त्या दिवशी तिच्या दारात बायका जमल्या, तेव्हा मी पाहिलं,
प्रत्येकीच्या मनगटावर तिचंच माप होतं.

सवय बांगडीसारखीच चढते.
अंगठ्याच्या मुळाशी अडते, कळ येते,
वाटतं, हे आपल्या मापाचं नव्हेच.
मग एकदम मनगटावर.
मग आहे हेही आठवत नाही,
भांडी घासताना तेवढी वाजते.

परवा लेकीकडं गेले, नांदेडला.
चौथा मजला, नळ दिवसभर.
तांदूळ धुतले आणि पातेलं घेऊन
या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले.
"काय शोधतीस, आई?"
काय सांगू?
एक वाकडा लिंब.

पातेलं तसंच ओट्यावर राहिलं.
संध्याकाळी ती म्हणाली, "शिळं झालं ते, ओतून टाकते,"
आणि तिनं पातेलं उचललं.
मी तिचं मनगट धरलं.
तिच्या हातात घड्याळ होतं, बांगडी नव्हती.
तरी तोंडातून निघून गेलं,
हात ढिला सोड गं.

ती बघत राहिली.
पातेलं दोघींच्या हातात.
नळ कुठंतरी थेंब थेंब गळत होता,
आणि आम्ही दोघी
कान देऊन उभ्या.