वू-ताउची पाठ

सूर वर ठेवला तर मासा,
खाली सोडला तर अळकुडी.
आमच्या बोलीत नाव एकच.
क्युनने टोपलीतून पिल्लू आणलं तेव्हा
कुठल्या सुरात हाक मारायची ते ठरलंच नाही.
आता नऊ वर्षं झाली,
दोन्ही सुरांना तो येत नाही.

ऐकतो मात्र. शिंपल्याएवढा कान एकदा हलतो.
मग बांधावर जाऊन बसतो,
तोंड तळ्याकडे,
माझ्याकडे पाठ.
पाठ फिरवली बघ, मी म्हणायचे.
राखतोय, क्युन म्हणायचा,
आणि जाळं विणत राहायचा.

नदीपलीकडे शेनझेनच्या काचा,
इतक्या उंच की रात्री बोयांच्या अंगावर
त्यांचाच उजेड पोहतो.
अलीकडे आमचा पत्रा, पाणी घुसळणारी मोटर,
आणि हा, काळ्या-निळ्या जिभेचा,
मापापेक्षा दोन नंबर मोठं कातडं घातलेला.

संध्याकाळी कोमट पाणी घेऊन बसते.
कपाळाच्या वळ्या, नाकावरची जाड गुंडाळी,
गळ्याखालची लोंबती झोळी.
एकेक उघडायची, पुसायची,
मग कोरडी करायची.
पुसणं कुणालाही जमतं.
कोरडं करणं हे खरं काम.
ओल राहिली तर दुसऱ्या दिवशी
आंबलेल्या सोयाबीनचा वास.
हे मला क्युन गेल्यावर कळलं.
तोवर वाटायचं,
कुत्राच मुळात स्वच्छ.

त्याच्या मनगटांवर कायम पुरळ असायचं.
तळ्याच्या पाण्याचं, मी म्हणायचे, आणि मलम द्यायचे.
आता माझ्याही मनगटांवर आहे.
या केसांवरून उलटा हात फिरवला
की पॉलिश पेपर.

तापाच्या रात्री मागचा सांधा
वाफवलेल्या पावासारखा फुगतो.
डॉक्टर सिटबाई म्हणाल्या, जातीचाच ताप,
दिवसभरात उतरतो. नाही उतरला तर...
त्यांनी वाक्य तिथेच ठेवलं.
मी बर्फ कापडात बांधला.
तो उठून लंगडत दुसऱ्या कोपऱ्यात गेला.
बर्फ घेऊन मीही गेले.
असे आम्ही पहाटेपर्यंत
घरातले चारही कोपरे वापरले.

लोक-यिन लीड्सहून फोन करतो.
आई, तळी देऊन टाक.
त्या कुत्र्याला तुझी माया तरी आहे का?
मी फोन बांधाकडे वळवला.
पडदाभर पाठ.
बराच वेळ कोणी बोललं नाही.

मागच्या वर्षअखेरीस, बोयांना भाव आला तेव्हा,
दोघेजण जाळं घेऊन उतरले.
हा भुंकला नाही.
दिवा घेऊन मी पोचले तर
एकाने त्याची मान घट्ट धरलेली.
पण मुठीत नुसतं कातडं.
कुत्रा त्या कातड्यातल्या कातड्यात फिरला
आणि दात कुठे लागले ते मी पाहिलं नाही,
फक्त ऐकलं.
सकाळी गाळात रबरी बूट सापडला, डाव्या पायाचा.
तो मी ठेवलाय. त्यात कांद्याची पात लावली आहे.

आता दक्षिणेकडची दमट हवा परतली आहे.
भिंतींना घाम, आरशाला घाम,
टॉवेल तीन दिवस दोरीवर तसाच.
भाताच्या कुकरच्या झाकणावर फडकं गरम करते
आणि पळत बांधावर नेते, निवायच्या आत.
तो बसलेलाच असतो, बगळ्यांवर नजर.
वळून बघत नाही.
मान मात्र थोडी ताणतो,
गळ्याखाली हात जाईल इतकीच.

डाव्या कानामागची एक वळी राहते.
तिथे बोट नेलं की आतून गुरगुर येते,
लांब चाललेल्या ट्रकसारखी.
क्युनला उघडू देत होता का,
विचारायचं राहिलं.

मी लांबूनच हुंगते.
अजून कोरडी आहे.